डावीकडे चालणारी मेंढरं

पहिला दिवस : लोणंद ओलांडून

"उद्या पहाटं तळ हालतुय. यायचं तर या," असा मेंढरं राखणाऱ्या आबांचा फोन रात्री साडेनऊला आला. माझ्या वहीत त्यांच्या वाटचालीवरच्या माहितीपटाचं शूटिंग चार दिवसांनी सुरू होणार होतं. रंगीत पेनाने आखलेला तक्ता होता, कोणत्या दिवशी कोणते प्रसंग टिपायचे ते लिहिलेलं होतं. तो तक्ता त्या रात्री जो मिटला तो मिटलाच.

पुण्याहून निघेपर्यंत बारा वाजले. मी, साउंड करणारा मुलगा आणि व्हॅनचा ड्रायव्हर, एवढंच युनिट. कॅमेराही मीच चालवते आणि दिग्दर्शनही मीच करते. त्यात हौस कमी आणि बजेटची तंगी जास्त. पण धनगरांच्या वाड्यात, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या घरांच्या तांड्यात, पाच-सात जणांचा लवाजमा घेऊन गेलं तर मेंढरं राहतील बाजूला आणि सगळे आपल्याकडेच बघत बसतील, हेही खरं.

फलटण तालुक्याच्या कोरड्या भागातली ही मंडळी दिवाळी झाली की कोकणाकडे निघतात आणि पावसाच्या आधी घाट चढून परततात. इकडे माळावरचं गवत संपत आलेलं असतं, तिकडे भाताची कापणी झालेली असते आणि खाचरं मोकळी पडलेली असतात. रात्री मेंढरं शेतात बसवायची, शेताला लेंड्यांचं खत मिळतं, शेतकरी धान्य नाहीतर रोख पैसे देतो. कोकणचा पाऊस मात्र दख्खनी मेंढीला सोसत नाही, खुरं सडतात. म्हणून पावसाळा घाटावर.

आबांच्या वाड्यात चार घरं. ३०० च्या आसपास मेंढरं, सहा घोडी, तीन कुत्री, कोंबड्या वेगळ्या. पावसाळ्यात मी दोनदा त्यांच्या गावी नुसती जाऊन बसले होते, कॅमेरा न घेता. तेव्हा आक्कांनी (आबांच्या मंडळी) विचारलं होतं, "ह्ये बघणार कोण?" मी म्हटलं, माहितीपट आहे, लोक बघतील. आबांना ते लगेच कळलं. "फलटणला पिच्चर बघाया जायचो तवा आदी लागायचं त्ये न्हवं का? धरण बांधलं, पूर आला, लस टोचली." बरोबर तेच. फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट थिएटरवाल्यांना सक्तीने दाखवावे लागत, आणि तेवढ्या वेळात लोक वडा खाऊन येत. आमच्या धंद्याची आबांच्या पिढीतली ओळख ही अशी.

पहिल्या दिवशी मी फारसं काही टिपलं नाही. चालले. साउंडवाल्याची मात्र वेगळीच पंचाईत झाली. वाऱ्याचा आवाज अडवायला माइकवर राखाडी केसाळ टोपी चढवतात. वाड्यातल्या सगळ्यात मोठ्या कुत्र्याने ती पाहिली आणि हे कुठलं तरी कोकरू बांबूला टांगलंय अशी त्याची खात्री झाली. दिवसभर तो माइकच्या खाली खाली, मान वर करून, गुरगुरत चालत होता. पहिल्या दिवसाच्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये तो आहे.

संध्याकाळी तळ पडल्यावर नकाशा उघडून एक गोष्ट ठरवली. प्रवास पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे नकाशावर उजवीकडून डावीकडे. तेव्हा पडद्यावरही मेंढरं कायम डावीकडेच चालली पाहिजेत. एका शॉटमध्ये डावीकडे आणि पुढच्यात उजवीकडे गेली, तर बघणाऱ्याला वाटतं, परत फिरली की काय. कागदावर सोपं आहे. कळपाच्या दक्षिणेला उभं राहायचं आणि उत्तरेकडे तोंड करायचं. पण कार्तिक-मार्गशीर्षात सूर्य दिवसभर दक्षिणेलाच कललेला, म्हणजे ऊन कायम माझ्या पाठीमागून येणार आणि मेंढरांवर सपाट पडणार. ही मेंढरं बहुतेक काळी. काळी लोकर उजेड पिऊन टाकते, सपाट उन्हात सगळा कळप म्हणजे डांबराचा एक डाग दिसतो. पलीकडे, उत्तरेला जाऊन उभं राहिलं की मागून आलेल्या उन्हाने प्रत्येक पाठीला सोनेरी कड येते, एकेक मेंढरू सुटं दिसतं. पण मग ती उजवीकडे चालतात. दिशा सांभाळायची की उजेड, हे भांडण माझं माझ्याशीच पुढे रोज सकाळी होत राहिलं.

दुसरा दिवस : शिरवळ

हा दिवस सांगायचा नव्हता. पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एरवी घोडी आणि बाया पुढे निघून जातात, मेंढरं चरत चरत मागून येतात. शिरवळला पुणे-बेंगळुरू हायवे ओलांडायचा म्हणून सगळा वाडा एकत्र निघाला. हायवेच्या खालून जाणारा छोटा भुयारी मार्ग आहे, तिथून सकाळी दुधाच्या गाड्या सुरू व्हायच्या आत पार व्हायचं असं ठरलं होतं. अर्थात झालं उलटंच. पुढची मेंढरं आत शिरली आणि समोरून टेम्पो आला. टेम्पो मागे जाईना, मेंढरं पुढे जाईनात, मागची रेटत राहिली. वरून ट्रक धडधडत होते, आत ३०० मेंढरांचं ओरडणं सिमेंटच्या भिंतींवर आपटून दुप्पट होत होतं. पोरं शिट्ट्या घालत होती, आबा "हुर्र्र हुर्र्र" करत काठी आडवी धरून उभे, आणि आक्का घोडीचा कासरा हातात धरून टेम्पोवाल्याला जे बोलत होत्या ते बोलत होत्या.

मी भिंतीला पाठ लावून सगळं घेतलं. खाली बसून खुरं घेतली, टेम्पोच्या हेडलाइटमध्ये चमकणारे डोळे घेतले, आक्कांचा चेहरा घेतला. बाहेर पडले तेव्हा हात थरथरत होते. चित्रपटाची सुरुवात मिळाली, असं मी मोठ्याने म्हणालेसुद्धा.

रात्री लॅपटॉपवर कार्ड उतरवलं. ज्यांनी कधी कॅमेरा चालवलाय त्यांना एव्हाना कळलं असेल. गडबडीत बटण एकदा जास्त दाबलं गेलं होतं. मी चालू समजत होते तेव्हा कॅमेरा बंद होता, आणि "चला, आता बंद करू" म्हणून दाबलं तिथे तो चालू झाला. माझ्याकडे होती ती ११ मिनिटांची उलटी लटकलेली फिल्म: रस्त्याकडेचं गवत, माझी चप्पल, कॅमेऱ्याचा लोंबणारा पट्टा आणि "सुरुवात मिळाली" हे माझंच वाक्य. स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल ठिपका असतो. तो बघायचा असतो. मी १४ वर्षं हे काम करतेय.

साउंडवाला काही बोलला नाही. त्याने हेडफोन माझ्या कानावर चढवले. आमच्यात आवाज कॅमेऱ्यात नाही, वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला जातो आणि नंतर चित्राशी जुळवतात. त्याचा रेकॉर्डर भुयाराच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत अखंड चालू होता. सगळं होतं. खुरं, ट्रक, शिट्ट्या, आक्का. चित्र तेवढं नव्हतं.

तिसरा दिवस : भोरच्या वाटेवर

आदल्या दिवशीचं काही भरून काढायचंच, या ईर्ष्येने पहाटे साडेचारला उठले आणि दुसरी चूक केली.

घोडीवर बिऱ्हाड लादणं हे बायांचं काम, आणि ते बघत राहावं असं आहे. आधी पाठीवर घोंगडी. दोन्ही अंगाला धान्याच्या गोण्या, वजन सारखं हवं, आक्का हाताने उचलून अंदाज घेतात आणि एका गोणीतली दोन मापं बाजरी दुसरीत टाकतात. मग गुंडाळलेली वाघर, म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी, तिच्या खुंट्या, भांडी. त्यावर कोंबड्या पायांना दोरी बांधून. एक हातभर सोलर पॅनेल, मोबाइल चार्ज करायला, तोंड आभाळाकडे करून. सगळ्यात वर, रात्रीच जन्मलेलं कोकरू पोत्याच्या घडीत, डोकं तेवढं बाहेर. शेवटी सगळ्यावरून एक दोर फिरवतात, घोडीच्या पोटाखालून घेतात, गुडघा तिच्या बरगडीला टेकवून ओढतात आणि एका हिसक्यात गाठ.

मी कोकराच्या डोळ्यांवर होते. गाठ हुकली.

"आक्का, ती गाठ परत एकदा मारता का?" मी विचारलं.

आक्कांनी माझ्याकडे एकदा बघितलं, दोर सोडला, आणि परत बांधला. सावकाश. गुडघा टेकवताना डोळ्याच्या कोपऱ्यातून लेन्सकडे बघत. घोडी वैतागून सरकली, एक गोणी घसरली, ती परत चढवावी लागली. तोवर बाकीच्या बाया पार वळणाआड गेल्या होत्या. आक्का त्या दिवशी तळावर शेवटच्या पोचल्या. सपाट, सावलीची जागा दुसऱ्या घरांनी घेतलेली, आक्कांच्या वाट्याला चढ आणि दगड. चूल मांडायला तीन दगड नीट बसेनात. मी मदत करायला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊं दे बाई, तू आपलं तुजं कर."

ती गाठ मी पुन्हा पुन्हा पाहिली. वापरता येणार नाही. सगळं बरोबर आहे आणि खोटं दिसतंय. पहिल्या वेळेला तो हिसका घोडीसाठी होता, दुसऱ्या वेळेला माझ्यासाठी.

परत करायला लावणं हा आमच्या धंद्याचा जुनाच रोग आहे. १९२२ साली रॉबर्ट फ्लाहर्टीने कॅनडाच्या उत्तरेत इनुइट लोकांवर केलेल्या चित्रपटात इग्लूच्या आतला प्रसंग आहे. आत कॅमेरा मावेना, उजेड पुरेना, म्हणून एक बाजू उघडी ठेवलेला इग्लू बांधून घेतला आणि त्या उघड्यावर कुटुंबाला उठायला-निजायला लावलं. लोक आजही तो शॉट आवडीने बघतात, मीही बघते. पण आक्कांचं उतारावरचं बिऱ्हाड बघितल्यापासून मला त्या कुटुंबाला वाजलेल्या थंडीचाच विचार येतो. त्या दिवसापुरता मी नियम केला, 'परत' हा शब्द उच्चारायचा नाही. तो पुढे टिकला.

आणखी एक गोष्ट कळली, तीही उशिराच. दोन दिवस मी मेंढरांमागेच होते, कारण चित्र तिथे दिसतं: धूळ, काठी, मुंडासं. पण एकच कॅमेरा असला की आपण कुणाच्या मागे जातो त्यावर चित्रपट कुणाचा हे ठरतं. पुढच्या चालीपासून मी निम्मा वेळ घोड्यांबरोबर गेले.

चौथा दिवस : भोर

मुक्काम. एका शेतकऱ्याने दोन रात्री मेंढरं बसवायला सांगितली होती. भाताची कापणी झालेली, खाचरांत दव इतकं की सकाळी बूट पिळून काढले.

राजवाड्यात कसलं तरी शूटिंग चालू होतं. भोरच्या राजवाड्याला हे नवं नाही, हिंदी-मराठी सिनेमावाल्यांचा तो घरचाच सेट आहे. बाहेर व्हॅनिटी व्हॅन, जनरेटर, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग. बाजाराला आलेले आबा बराच वेळ ते बघत उभे राहिले आणि मग मला म्हणाले, "तुमची आसली गाडी न्हाई व्हय?" मी आमच्या व्हॅनकडे बोट दाखवलं. "ती व्हय," एवढंच म्हणाले.

दुपारी लॉजवर एक खोली घेऊन सगळ्या बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या, कार्डं दोन हार्ड डिस्कवर उतरवली. एक डिस्क माझ्या पिशवीत, दुसरी ड्रायव्हरच्या सीटखाली. दोन्ही एका पिशवीत ठेवल्या तर दोन असून उपयोग नाही, पिशवी एकच चोरीला जाते.

संध्याकाळी आबांच्या कपड्यांत छोटा माइक लावायचा होता. आदल्या दिवशी साउंडवाल्याने तो घोंगडीच्या आत छातीवर चिकटवला होता आणि ऐकताना कानात काचपेपर घासल्यासारखं वाजत होतं. दख्खनी लोकर इतकी खरबरीत, की आबांनी नुसता श्वास घेतला तरी खर्र. सदऱ्याच्या आत लावून बघितला, टेपचा गोळा करून बघितला. शेवटी आबांनीच सुचवलं, "मुंडाशात खोवा की. बिडी तितंच ऱ्हाती माजी." कपाळावरच्या पदराच्या घडीत बिडीशेजारी माइक बसला. सुती कापड, तोंडापासून वीतभर अंतर, वारा अडलेला. इतका स्वच्छ आवाज मला स्टुडिओतही क्वचित मिळालाय.

त्या रात्री आबा शेकोटीपाशी बोलले. मी विचारलं होतं की पोरं पुढे मेंढरं राखतील का. "बगू," म्हणाले आणि थांबले. नव्या माणसाकडून इथे घाई होते. उत्तर संपलं असं समजून तो पुढचा प्रश्न विचारतो. मी लाकडं सारत बसले. बऱ्याच वेळाने, जवळजवळ स्वतःशीच, ते म्हणाले, "थोरल्याला पोरगी देईनात. मेंढरामागं कोण चालंल म्हंत्यात." मग मुंडाशातली बिडी काढायला हात गेला आणि माइकवर एक मोठा धप्पकन आवाज झाला. तो तसाच ठेवणार आहे.

पाचवा आणि सहावा : नीरा-देवघरचं पाणी

चाल. डोंगर जवळ आले, डावीकडे-उजवीकडे धरणाचं पाणी. एक जन्मलेलं कोकरू, एक मेलेलं. साउंडवाल्याने प्रत्येक तळावर एक मिनिट कुणीही न बोलता नुसती तिथली 'शांतता' टिपायचा क्रम ठेवला होता. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मधली फट भरायला ती लागते. त्या मिनिटाला वाड्यातली पोरं श्वास रोखून, गाल फुगवून बसायची. मेंढरं अर्थात ओरडतच राहायची.

सहाव्या दिवशी दुपारी एका उतारावर फार देखणं दृश्य होतं. मी उत्तरेला उभी, ऊन मागून, गवत पेटल्यासारखं पिवळं आणि त्यातून काळी मेंढरं पसरत चाललेली. कॅमेरा चालू होता (लाल ठिपका तीनदा बघितला). आबांचा धाकटा चालत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, तेवढं नगा घेऊ."

ती जागा चराईची नव्हती. मेंढरं शिरली होती, किंवा शिरू दिली होती. "तुमी दाखवणार, कुणीतरी बगणार, म्होरल्या साली ह्याच वाटंनं यायचंय आमाला." कागदावर सह्या-अंगठे मी घेतले होते, चित्रीकरणाला हरकत नाही असं वाचून दाखवलं होतं. पण तो कागद माझ्या सोयीचा. दंड झाला तर तो भरणार हे लोक. मी क्लिप त्याच्या समोरच पुसली. त्या आठवड्यातला सगळ्यात सुंदर शॉट होता, हे लिहिताना अजूनही चिडचिड होते.

सातवा दिवस : वरंधा घाट

पहाटे तीनला तळ हलला. वाहनं सुरू व्हायच्या आत वाघजाईच्या पुढे जायचं होतं. देवळापाशी नारळ फुटला, भंडारा उधळला, तो मेंढरांच्या पाठीवर आणि माझ्या लेन्सवर पडला. भजीच्या टपऱ्या अजून बंद, माकडं झाडावर गप्प.

उजाडलं तसं दोन गोष्टी लक्षात आल्या. घाट पश्चिमेला उतरतो, त्यामुळे सूर्य कड्याच्या मागे, आणि बराच वेळ सगळी उतरण निळसर सावलीत. आठवडाभर ज्या उजेडाशी भांडले त्याची गरजच उरली नाही. सावलीत काळी लोकर लोकरीसारखी दिसत होती, तिच्यातलं गवताचं कुसळसुद्धा.

दुसरी गोष्ट, वळणं. रस्ता एकदा डावीकडे, पुढच्या वळणावर उजवीकडे, परत डावीकडे. वरून पाहिलं तर एकाच कळपाची डोकी एकीकडे आणि शेपट्या दुसरीकडे जाताना दिसत होत्या. लोणंदपासून जपलेली माझी डावी बाजू पहिल्या दोन वळणांत संपली. मी कठड्यावर बसले आणि सलग २० मिनिटं कॅमेरा न हलवता एकच शॉट घेतला. घोड्यांची रांग आली, गेली, खालच्या वळणावर परत उलटी चालताना दिसली. आक्का दोनदा फ्रेममधून गेल्या, दोन दिशांना. एकदाही बघितलं नाही माझ्याकडे.

आठवा दिवस : माझेरीच्या खाली

कोकण. हवा ओलसर, घाम. खाचरांत भाताचे बुडखे. शेतकऱ्याशी सौदा झाला, वाघर लागली.

दुपारी सगळं आवरल्यावर आक्का साउंडवाल्याच्या शेजारी येऊन बसल्या. "दिवसभर कानाला काय लावून बसतुयास? आयकू दे की." त्याने हेडफोन त्यांच्या पदरावरूनच चढवले आणि शिरवळचं भुयार लावलं.

आक्कांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने हात वर केला. "ही लंगडी," म्हणाल्या. मग, "ही तिची पाट (मादी कोकरू). आन ह्ये बोकड नव्हं, पांढऱ्या कानाची मेंढी हाय, घसा बसला हुता तिचा." आम्हाला जो एकच कल्लोळ वाटत होता, त्यातून त्या एकेकीला ओळखून बाहेर काढत होत्या. मी पटकन कॅमेरा उचलला. ठिपका बघितला. मिटलेले डोळे, कानांवरचे मोठाले काळे हेडफोन, हवेत फिरणारं बोट. नऊ मिनिटं, भुयार सुरू होतं तिथपासून संपतं तिथपर्यंत. म्हणजे शिरवळचं चित्र मला मिळालं, फक्त सहा दिवस उशिरा आणि शंभरेक वळणं खाली.

शेवटाला आक्कांनी एकदम डोळे उघडले, हेडफोन काढला आणि पदर तोंडाला लावला. त्या टेम्पोवाल्याला स्वतः काय बोलल्या होत्या ते त्यांनी आत्ता पहिल्यांदा ऐकलं होतं.

"ती शिवी काड," मला म्हणाल्या. "जावाई बगंल."

ती शिवी म्हणजे त्या नऊ मिनिटांतलं सगळ्यात जिवंत वाक्य होतं. मी साउंडवाल्याकडे बघितलं, तो जमिनीकडे बघत होता.

पुण्यात आल्यावर पहिलं काम ते केलं. टेम्पोचा हॉर्न एक सेकंद लांबवला. आता तिथे नुसता हॉर्न वाजतो आणि पडद्यावर आक्का पदर तोंडाला लावून हसतात.